होडी बरोबर हवी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडी भर घालून.)





'अभ्यास आणि खेळ' या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी संस्थेची आज्ञा झाली. या विषयावर आपण दरवर्षी कोणाचे ना कोणाचे भाषण ऐकता, आणि शरीर सुदृढ असेल तर मन सुदृढ राहते हे वाक्य आता पहिलीतल्या मुलालाही पाठ आहे. म्हणून मी आज एकाच खेळाविषयी बोलणार आहे. तो म्हणजे पोहणे, आणि तेही लांब पल्ल्याचे, समुद्रातले. जुन्नर-आंबेगावात सरांनी समुद्र कोठून आणला, असे आपल्याला वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी सहज विचारले, पोहायला कोणाकोणाला येते? सत्तेचाळीस मुलामुलींच्या वर्गात एकोणीस मुलांचे आणि दोन मुलींचे हात वर झाले. मग विचारले, विहिरीबाहेर, मोठ्या पाण्यात कोण पोहले आहे? तीन हात राहिले. आता आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. जुन्नर तालुक्यात माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, चिल्हेवाडी अशी पाच धरणे, आणि शेजारी आंबेगावात डिंभे. कुकडी, मीना, घोड या नद्यांचे पाणी अडवून आपली शेती हिरवी झाली. परंतु त्या पाण्यात उतरायचे कसे आणि त्यातून बाहेर यायचे कसे, हे आपण आपल्या मुलांना शिकवले नाही. उन्हाळ्याच्या सुटीत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर जी चार ओळींची बातमी येते, ती आपण सर्वांनी वाचलेली आहे. तिच्याविषयी अधिक बोलत नाही.

मी स्वतः त्या चार ओळींत जाता जाता राहिलो. हे मी आजवर घरीही नीट सांगितलेले नव्हते.

माझे आजोळ घोडेगावचे. मला पोहायला शिकवले ते मामूंनी, त्यांच्या शेतातल्या विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा, कमरेला दोर लावायचा आणि दोराचे टोक मामूंच्या हाती. आठ दिवसांत भोपळा सुटला, पंधरा दिवसांत दोर सुटला, आणि पुढच्या उन्हाळ्यात मी काठावरून मुटका मारू लागलो. सतराव्या वर्षी मी स्वतःला पट्टीचा पोहणारा समजत होतो. बारावीची परीक्षा झाल्यावर मामेभावांबरोबर डिंभ्याच्या फुगवट्यावर गेलो. पलीकडचा काठ अगदी हाताशी दिसत होता. पैज लागली आणि मी निघालो.

निम्म्यावर गेल्यावर कळले की विहिरीतले पोहणे वेगळे आणि हे वेगळे. विहिरीत दहा हात मारले की कपार हाताला लागते आणि माणूस दम खातो. येथे कपार नाही. वारा सुटला, लाटा तोंडावर येऊ लागल्या, एक घोट पाणी नाकात गेले आणि त्याच क्षणी माझी सगळी विद्या संपली. जवळच जाळे टाकत असलेल्या एका आदिवासी बांधवाने पाहिले आणि तो आपली लहानशी होडी घेऊन आला. मी होडी धरायला हात पुढे केला, तर तो ओरडला, "हात नको लावू, उलटंल! उताना पड. पाय हालव. मी हाय." मी उताणा पडलो. तो माझ्या बाजूने हळूहळू वल्हवत राहिला आणि बोलत राहिला. काय बोलत होता ते आठवत नाही. पाय चिखलाला लागेपर्यंत त्याने मला ओढले नाही आणि सोडलेही नाही. काठावर येऊन मी वाळूत पडलो, तेव्हा तो परत जाळ्याकडे गेला होता. त्याचे नाव विचारायचे राहिले ते कायमचेच.

पुढे शिक्षक झाल्यावर, वाचनालयात इंग्लिश खाडी पोहून गेलेल्यांविषयी वाचताना त्या स्पर्धेचा एक नियम दिसला आणि मी पुस्तक मिटून बसलो. नियम असा आहे की पोहणाऱ्याच्या सोबत एक होडी चालते. त्या होडीत नावाडी, पंच, प्रशिक्षक असतात. ते त्याला वेळ सांगतात, दिशा दाखवतात, ओरडून धीर देतात, दोरीला बांधलेल्या बाटलीतून पेय देतात. परंतु पोहणाऱ्याने होडीला हात लावला किंवा होडीतल्या माणसाने त्याला आधार दिला, की ते पोहणे रद्द. मग किनारा शंभर हातांवर असो, वा दहा. अंगात ओल्या थंडीपासून वाचवणारा रबरी पोशाख घालण्याचीही परवानगी नाही. साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, चष्मा आणि अंगाला चोपडलेले ग्रीस, इतकेच.

इंग्लंड आणि फ्रान्स यांमधली ही खाडी सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे ३४ किलोमीटर आहे. १८७५ साली कॅप्टन मॅथ्यू वेब याने ती प्रथम पोहून पार केली. त्याला २१ तास ४५ मिनिटे लागली. उन्हाळ्यातही तेथले पाणी साधारण १५ ते १८ अंश असते. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे हौदातल्या पाण्यात हात घातला की जे वाटते, त्यात दिवसभर राहायचे असे समजा. शिवाय भरती-ओहोटीचे प्रवाह किनाऱ्याला समांतर वाहतात आणि साधारण सहा तासांनी उलटतात. त्यामुळे पोहणारा सरळ जातच नाही. आधी एका बाजूला वाहत जातो, मग दुसऱ्या. ३४ किलोमीटरचे अंतर प्रत्यक्षात कितीतरी वाढते. पाण्याची वेळ चुकली, तर डोळ्यांसमोरचा किनारा तासन्‌तास तेवढ्याच अंतरावर राहतो.

हे सर्वांत कठोरपणे अनुभवले ते आरती साहा हिने. आरती कलकत्त्याची. २४ सप्टेंबर १९४० चा जन्म. घर साधेच. अडीच वर्षांची असताना आई वारली, वडील सैन्यात नोकरीला, मुलगी आजीकडे वाढली. चुलते तिला गंगेच्या घाटावर अंघोळीला नेत, तेथे ती पोहायला शिकली. मुलीची आवड पाहून वडिलांनी तिला पोहण्याच्या क्लबात घातले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे ती उतरली, तेव्हा तिला बारा वर्षेही पुरी झाली नव्हती. तेथे पदक मिळाले नाही, आणि मिळेल अशी कोणाची अपेक्षाही नसावी.

१९५८ साली पूर्व बंगालचे ब्रोजेन दास हे खाडी पार करणारे पहिले आशियाई ठरले आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबरला मिहिर सेन हे पहिले भारतीय. ब्रोजेन दासांनीच पुढल्या वर्षीच्या शर्यतीसाठी आरतीचे नाव सुचवले. प्रश्न पैशांचा होता. तो बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधनचंद्र रॉय यांच्या मदतीने सुटला. २७ ऑगस्ट १९५९ रोजी रात्री एक वाजता फ्रान्सच्या किनाऱ्यावरून शर्यत सुटायची होती. सगळे निघाले. आरतीची होडी मात्र आली नाही. ती चाळीस मिनिटे उशिरा आली. तोवर अनुकूल पाण्याची वेळ गेली होती. तरीही सकाळी अकरापर्यंत ती इंग्लंडपासून पाच मैलांवर पोहोचली. तेथे प्रवाह उलटला. पुढच्या पाच तासांत तिला जेमतेम दोन मैल कापता आले. ती थांबायला तयार नव्हती, परंतु नावाड्याने तिला बाहेर घेतले.

येथे मी क्षणभर थांबतो. तेरा-चौदा तास पोहून, तीन मैल राहिले असताना होडीत चढावे लागलेल्या अठरा वर्षांच्या मुलीची आपण कल्पना करा. चूक तिची नव्हती. आपल्याकडे अशा मुलीला काय सांगितले असते? 'झाले ते पुष्कळ झाले, आता घरी चल.' मीही कदाचित हेच सांगितले असते.

ती घरी गेली नाही. तिच्या माणसांनीही तिला नेले नाही. महिन्याभराने, २९ सप्टेंबर १९५९ रोजी, त्याच किनाऱ्यावरून ती पुन्हा पाण्यात उतरली आणि १६ तास २० मिनिटांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर लागली. खाडी पोहून जाणारी ती पहिली आशियाई स्त्री. प्रवाहांमुळे तिला ४२ मैल पोहावे लागले होते. १९६० साली तिला पद्मश्री मिळाली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येतो. मुंबईची अनिता सूद हिने १९८७ साली ही खाडी ८ तास १५ मिनिटांत पार केली. आरतीच्या जवळजवळ निम्म्या वेळात! १९९४ साली मुंबईचीच रूपाली रेपाळे अवघ्या बाराव्या वर्षी ती पोहून गेली. सहावी-सातवीच्या मुलींनो, म्हणजे तुमच्याएवढी असताना.

आणि आपल्या पुणे जिल्ह्यातले नाव रोहन मोरे यांचे. पुण्यात समुद्र नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. १९९६ साली, दहा-अकरा वर्षांचे असताना, ते रायगड जिल्ह्यातल्या धरमतरपासून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंत पोहून गेले. हे अंतर सुमारे ३६ किलोमीटर. महाराष्ट्रातल्या लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्यांची ही जुनी परीक्षेची वाट आहे. खाडीतून बाहेर पडायचे, भरती-ओहोटी साधायची आणि मुंबई बंदरातल्या जहाजांच्या रहदारीतून वाट काढायची. इंग्लिश खाडी त्यांनी पार केली ती २०१४ साली, तेरा तासांहून अधिक काळ पोहून.

या दोन सालांकडे मी पालकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. १९९६ आणि २०१४. मध्ये अठरा वर्षे आहेत. दहा वर्षांचा मुलगा शाळा, महाविद्यालय, तारुण्य असे सगळे टप्पे ओलांडून तिशीजवळ आला, तरी पाणी त्याच्यातून गेलेले नव्हते. आपल्याकडे मूल नववीत गेले की आपण पहिला निर्णय घेतो तो खेळ बंद करण्याचा. जणू एकदा बंद केलेली गोष्ट पुन्हा उघडता येत नाही, आणि चालू ठेवली तर दुसरे काही होत नाही. लांब पल्ल्याच्या पोहण्याला घाई चालत नाही. हा खेळ तिशीत, चाळिशीतही होतो. मॅथ्यू वेबही पोरसवदा नव्हता, सत्तावीस वर्षांचा कप्तान होता.

रोहन मोरे तेथे थांबले नाहीत. जगातल्या सात अवघड खाड्या आणि सामुद्रधुन्या पोहून जाण्याचे एक आव्हान आहे, 'ओशन्स सेव्हन'. भूगोलाचा शिक्षक या नात्याने ती नावे मी फळ्यावर लिहून घेतो, आपणही नकाशा उघडून पाहा. इंग्लिश खाडी; अमेरिकेच्या कॅलिफोर्नियाजवळची कॅटालिना; हवाई बेटांमधली मोलोकाई, सुमारे ४२ किलोमीटर; आयर्लंड आणि स्कॉटलंडमधली नॉर्थ चॅनेल, जेथे पाणी बारा-तेरा अंशांचे आणि डंख करणाऱ्या जेलीफिशने भरलेले; स्पेन आणि मोरोक्कोमधले जिब्राल्टर, म्हणजे आपल्या इतिहासातल्या तारिक बिन झियाद यांचे जबल-ए-तारिक; जपानची त्सुगारू; आणि न्यूझीलंडच्या दोन बेटांमधली कुक. मोलोकाईला मोरे यांना सतरा तासांहून अधिक वेळ लागला. ९ फेब्रुवारी २०१८ रोजी ८ तास ३७ मिनिटांत कुकची सामुद्रधुनी पार करून त्यांनी सातवी पुरी केली. असे करणारे ते पहिले आशियाई आणि जगातले नववे. त्या वेळी त्यांचे वय ३२ होते. साहसी खेळांचा तेनझिंग नोर्गे राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला.

मला त्यांच्या कारकिर्दीत विक्रमापेक्षा एक गोष्ट मोठी वाटते. या सात पाण्यांपैकी कोणतेही दुसऱ्यासारखे नाही. एके ठिकाणी थंडी, एके ठिकाणी अंतर, एके ठिकाणी प्रवाह, एके ठिकाणी जहाजे. आधीच्या पाण्याची फुशारकी पुढच्या पाण्यात उपयोगी पडत नाही. हे मला डिंभ्यात एका दुपारी कळले होते. परंतु त्यांनी ते आधी ओळखून तयारी केली आणि मी भाग्याने वाचलो, एवढा फरक.

आता त्या प्रश्नाकडे येतो, ज्यासाठी हा सगळा प्रपंच. नववीच्या त्या तीन हातांपैकी एक हात अशा मुलाचा होता, ज्याचे पोहणे पाहून मला खरोखर आनंद झाला. त्याला तालमीसाठी पाठवावे असे मी त्याच्या वडिलांना सांगायला गेलो. बाजारात भाजीचा गाळा लावणारे कष्टाळू गृहस्थ. चहा पाजला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, तुमचं सगळं बरोबर हाय. पण पोहून पोट भरतं का?"

मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. आज देतो. नाही, भरत नाही. मिहिर सेन यांनी १९६६ या एकाच वर्षात पाच खंडांतली पाणी पोहून काढली. आपली पाल्कची सामुद्रधुनी, जिब्राल्टर, दार्दानेल्स, बॉस्फोरस आणि ३४ तासांहून अधिक वेळ घेणारा पनामा कालवा. त्यांना पद्मभूषण मिळाले. ते बॅरिस्टर होते, पुढे व्यापारात उतरले, तो बसला, स्मृती गेली, आणि १९९७ साली ते वारले तेव्हा फार थोड्यांना त्यांची आठवण उरली होती. हे मी लपवणार नाही. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला नियमांत बसणाऱ्या खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, हेही खरे. पण त्यासाठी मुलाला पाण्यात उतरवा असे मी म्हणणार नाही.

मी एवढेच म्हणतो की मुलगा पाण्याकडे जाणारच आहे. आपण नाही म्हटले तर तो न सांगता जाईल, जसा मी गेलो होतो, आणि त्या वेळी जवळ कोणी जाळे टाकत असेलच असे नाही. काही पालक मूल बुडेल या भीतीने त्याला काठावरच उभे करतात. काही जण त्याचे सगळे स्वतःच पोहून देतात. वही आपण लिहायची, प्रकल्प आपण करायचा आणि गुण त्याला मिळवून द्यायचे. खाडीच्या नियमात दोन्ही बसत नाही.

मुलींविषयी बोलताना मी अडखळतो, हे कबूल करतो. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. भाषणात मी आरती आणि रूपाली यांचे गोडवे गातो, पण तिला मी अजून विहिरीतही उतरवलेले नाही. लोक काय म्हणतील, हे मनात नव्हते असे सांगितले तर ते खोटे ठरेल. तिच्या आईने मला एकदा विचारले, "तुम्ही नववीत दोनच मुलींचे हात वर आले म्हणून हळहळता, मग तिसरा हात कोणाच्या घरातून येणार?" मला गप्प बसावे लागले. नदीवर कपडे धुण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्या आपल्या आयांना आणि खालांना पोहायला येत नव्हते. पाय घसरला तर काय, हा विचार आपण केलाच नाही. वेगळी वेळ, शिकवायला बाई आणि अंगभर पोशाख, एवढी सोय झाली तर अडचण उरते कोठे? मला तरी दिसत नाही.

म्हणून संस्थेपुढे मी एक विनंती ठेवली आहे आणि कार्यकारिणीने ती ऐकून घेतली आहे. मे महिन्यात तीन आठवड्यांचा पोहण्याचा वर्ग. पहिला आठवडा फक्त तरंगण्याचा, उताणे पडून शांत राहण्याचा, कारण जीव वाचवते ते तेच. पाणी लहान आणि माहितीचे. धरणात कोणीही उतरणार नाही. शेवटच्या दिवशी चार मोठ्या मुलांना होडी बरोबर ठेवून तळ्याची एक फेरी मारू देण्याचा विचार आहे. मुलींची वेळ सकाळची, स्वतंत्र. माझ्या मुलीचे नाव यादीत पहिले लिहिले आहे. जीवरक्षक जाकिटे अकरा जमली, आणखी दहा तरी हवीत. ज्यांना शक्य आहे त्यांनी कार्यालयात सांगावे.

गेल्या रविवारी भाजीच्या त्या गाळ्यावर पुन्हा गेलो आणि अर्ज पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, हात पुसले आणि सही केली. मग म्हणाले, "सर, मला पोहता येत नाय. होडीत बसलो तर चालंल का?"

मी हो म्हटले. जाकीट मात्र त्यांनाही घालावे लागेल.